प्याला उचलण्याआधी

आम्ही त्या गावी राहायला गेलो आणि पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी माझ्या नवऱ्याला भर उपासनेत गप्प करण्यात आलं. प्रभूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीची थाळी त्यांच्या हातात होती, रसाचा प्याला मेजावर होता, डोळे मिटलेले होते, आवाज नुकताच भरून यायला लागला होता, आणि दाराजवळून खणखणीत शब्द आला, "थांबा." ते, म्हणजे आमचे पाळकसाहेब, तेव्हा अगदी नवे होते. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, त्यांना बरंच काही शिकवलं होतं, पण असं कुणी थांबवलं तर थाळी खाली ठेवायची की हातातच धरायची, हे काही शिकवलेलं नव्हतं. ते तसेच थाळी धरून उभे राहिले. दाराशी पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, हाडकुळी म्हातारी उठली होती. तिनं पुढच्या सतरंजीवरच्या दोन चुलतभावांकडे बोट केलं आणि सांगितलं, हे दोघं पोळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना आधी बोलू द्या, प्याला मग. दोघं खाली मान घालून उठले आणि अंगणातल्या लिंबाखाली गेले. आम्ही सगळे आत बसून. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग "चल बे, बास झालं आता" असं कुणीतरी म्हणालं आणि दोघं आत आले. त्यातल्या एकाचे डोळे लाल होते. म्हातारी खाली बसली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "हं, चालू द्या."

तिचं नाव शांताबाई. या नावाशी तिचा संबंध रेशनकार्डापुरताच होता. सगळं गाव, म्हणजे आमची चार ख्रिस्ती घरं आणि बाकीचंही गाव, तिला थांबामावशी म्हणायचं. गाव बीडपासून लांब नाही, पालीच्या पुढे रस्ता सोडून थोडं आत गेलं की लागतं. चर्च पत्र्याचं, अंगणात लिंब, लिंबापलीकडे मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, पूर्वी कधीतरी घेतलेला बोअर आणि त्यावरचा हापसा. भांडण असेल तर देवापुढचं अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये, ही प्रभूची शिकवण आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकत आलेलो. ऐकून डोळे मिटायचे आणि प्रार्थनेला लागायचं, अशी आमची रीत. मावशीनं ते ऐकलं आणि खरोखरच लोकांना उठवून बाहेर पाठवायला लागली. तिच्यामुळे त्या मंडळीची सवयच होऊन गेली होती. प्रभुभोजनाच्या रविवारी बाया येतानाच लेकरांसाठी फुटाणे बांधून आणायच्या, कारण उपासना किती लांबेल ते मावशीला काय काय ठाऊक आहे त्यावर अवलंबून असायचं.

आणि मावशीला सगळं ठाऊक असायचं. हे कौतुकानं सांगत नाही. ती मूळची भयंकर चौकस आणि तोंडाळ बाई. तरुणपणी तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की बाया पाण्याच्या भरल्या घागरी घेऊन दुसऱ्या वाटेनं जायच्या, असं तिची सून सांगायची. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणी कुणाला काय बोललं, हे तिच्या कानावर यायचंच आणि जिभेच्या टोकावर येऊन बसायचं. पण उतारवयात तिनं एक युक्ती काढली होती. अगदी राहवेना तेव्हा ती उठायची, गोठ्यात जायची आणि शेळीला सांगायची. मी एकदा तिच्या घरी चहाला गेले असताना ती मधेच उठून गेली. कुडापलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. परत आली तेव्हा चेहरा मोकळा झालेला. मी विचारलं तर म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी सायबाला सांगितलं असतं. शेळी कुणाला सांगत न्हाई." मी हसले, पण ती हसली नाही. तिच्या दृष्टीनं तो रोजचा कष्ट होता, खुरपणीसारखा.

मी वाढले त्या घरात पवित्रपणा म्हणजे मनाईची पाटी होती. सिनेमा नाही, लाली नाही, रविवारी शिवणकाम नाही. लग्नानंतर मी थोडीशी लाली लावायला लागले होते, पण गावात पाळकीणबाई म्हणून मिरवायचं तर पुसावी लागणार, अशी मनाची तयारी करून आले होते. मावशीनं पहिल्याच भेटीत माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं. मी पदरानं पुसायला लागले तशी तिनं हात धरला. "असू द्या. ओठाला काय लावलं त्यानं माणूस बाटत न्हाई बाई, ओठातनं काय निघतंय त्यानं बाटतंय. माझ्या ओठाला कधी लाली लागली न्हाई, तरी ह्यातनं काय काय निघालंय ते सगळ्या गावाला इचारा." त्या दिवसापासून माझी तिच्याशी गट्टी जमली.

तिच्या मनातला पवित्रपणा कसा होता, ते तिनं मला एकदा ज्वारी निवडता निवडता सांगितलं. त्याआधीच्या रविवारी आमच्या साहेबांनी दणकून प्रवचन केलं होतं, पवित्र राहाल तर देव जवळ करील, अशा अर्थाचं. मावशीला ते पटलं नव्हतं. ती म्हणाली, "सायेब उलटं बोलले. देवानं आपल्याला घरात घेतलं ते आपण सवच्छ हुतो म्हणून न्हाई. उकिरड्यावरनं उचलून घेतलंय. पर आता घरात आलोत तर पाय धुवावं का न्हाई? तेच पाय घेऊन तेच्या अंथरुणावर चढायचं का?" मी घरी येऊन हे साहेबांना सांगितलं. त्यांनी पुढच्या रविवारचं प्रवचन फाडून नव्यानं लिहायला घेतलं. पुढे ते वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी वापरलं की मावशीला मानधन द्यायला हवं होतं.

प्रभुभोजनाचा प्याला मावशीच तयार करायची. शनिवारी सकाळी काळे मनुके भिजवायचे, दुपारी ते उकळून कुस्करायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. शेजारच्या चुलीवर प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी बिनमिठाची पोळी. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात चालायचं आणि तेवढा वेळ तिथं कुणाचीही कागाळी करायची नाही, असा तिचा नियम होता. तो पाळताना तिचीच सगळ्यात जास्त तारांबळ उडायची. एखादं वाक्य सुरू करायची, अर्ध्यावर थांबायची, ओठ घट्ट मिटून फडकं पिळत राहायची. मनुक्यांचा तो रस तिच्या रागानंच इतका दाट होतो, असं आमचे साहेब म्हणायचे.

मग ते कोरडं वर्ष आलं. माघातच गावातल्या विहिरी बसल्या. टँकर यायचा तेव्हा यायचा. आमच्या अंगणातला बोअर मात्र धरून होता, दमानं हापसलं तर घागर भरायची. तोवर त्या हापशावर कोणीही यायचं, कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात रांग लागायला लागली. रांगेत कौसाबाईही असायची. चर्चच्या मागच्या आळीत तिचं घर, शेती थोडी, पण म्हशी आणि शेळ्या बऱ्याच. मावशीच्याच वयाची, तिच्यासारखीच कडक. एका सकाळी रांगेत मावशीची घागर कौसाबाईच्या भरलेल्या घागरीला लागली.  कौसाबाईनं आपली घागर उचलली, भरलेलं सगळं पाणी मातीत ओतून दिलं, बसून राखेनं घागर घासली आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. आमच्याच अंगणात, आमच्याच हापशावर.

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. आमच्या माणसांच्या आधीच्या पिढ्यांना गावच्या आडात दोर सोडता येत नव्हता. वरून कुणी ओतलं तर पाणी, नाही ओतलं तर नाही. ते संपलं असं आम्ही धरून चाललो होतो.  मावशी दुपारच्या गाडीनं बीडला गेली आणि मोठं पितळी कुलूप घेऊन आली. साहेबांनी काही म्हणायच्या आत अंगणाच्या फाटकाला साखळी आली, कुलूप बसलं, किल्ली मावशीच्या कनवटीला गेली. मंडळीच्या घरांनी सकाळ-संध्याकाळ यावं, मावशी उघडून देईल, बाकीच्यांनी आपलं बघावं, असं ठरलं. मंडळीत कुणालाच वाईट वाटलं नाही. मंडळीच्या पंचांपैकी दावीदराव फार शांत माणूस, पण त्यांनीही कुलूप हातात घेऊन वजन पाहिलं आणि मान डोलावली.

मागच्या आळीच्या बाया मग पाण्यासाठी लांब धरणाच्या बाजूला जायला लागल्या. चर्चच्या फाटकावरूनच त्यांची वाट होती. डोक्यावर दोन, कडेला एक, उन्हात पाय भाजत. कौसाबाईची सून पोटुशी होती, तीही त्यात असायची. मी खिडकीतून बघायचे. मावशी फाटकाशी पाठ करून लिंबाखाली बसलेली असायची. ती शेळीशीही बोलेनाशी झाली, असं तिच्या सुनेनं मला सांगितलं. मावशीचा मुलगा मांजरसुंब्याला धाब्यावर कामाला होता, तो सुट्टीला आला तर त्याच्याशीही धड बोलली नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला तिनं मनुके भिजवले, गाळले, सगळं नेहमीसारखं केलं. उपासनेत प्याले फिरत दारापर्यंत आले तेव्हा तिनं तबक हातात घेतलं आणि स्वतः न घेता पुढे दिलं. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच झालं. सगळ्यांना समेट करून प्याला पाजणारी बाई स्वतः कोरडी राहत होती. शेवटी मी एका दुपारी तिच्या घरी गेले आणि सरळच विचारलं, "मावशी, तुम्ही का घेत नाही?"

ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग बोलली तेव्हा आवाज इतका खाली होता की मला पुढे सरकावं लागलं.

"माझी माय आडाच्या खाली घागर घेऊन बसायची, कुणी ओतंल म्हणून. म्या तिच्याजवळ बसलेली हाय. ते मला इसरता येत न्हाई. कुलूप लावलं तवा मला लई बरं वाटलं बाई. इतकं बरं मला कधीच वाटलं न्हाई. आन तेचंच भ्या वाटतंय."

मी म्हटलं की चूक तुमची नव्हतीच, अपमान तिनं केला. ती म्हणाली की तिला ते ठाऊक आहे, चूक तिची नाहीच. "पर मी उद्या मेले तर देव मला चूक कुणाची हे इचारणार न्हाई. मी तुला पाणी दिलं, ते तू काय केलंस, हे इचारील. आन गावातली माणसं काय आपलं शास्त्र उघडून बघतेत का? आपल्या फाटकाकडं बघतेत. म्हणतेल, ह्यांचा देव बी कुलूप लावतोय."

 तिला दिलासा द्यावा म्हणून मी हात पुढे केला, तर तिनं त्यात शेंगा ठेवल्या.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या दिवशी अंगात आग लागावी असं ऊन होतं. पत्रे तापलेले. साहेबांनी थाळी उचलली आणि दारातून आवाज आला, "थांबा." सगळ्यांच्या माना वळल्या, प्रत्येक जण आज कोणाची पाळी म्हणून आजूबाजूला बघायला लागला. मावशी उभी होती. ती म्हणाली, "आज माझंच हाय. माझं कौसाबाईशी वाकडं हाय."

दावीदराव उठले. त्यांनी पाळकसाहेबांना अगदी रास्त प्रश्न विचारला. समेटाची जी शिकवण आहे ती भावाबहिणीची आहे, म्हणजे मंडळीतल्यांची. कौसाबाई मंडळीतली नाही, आणि घागर तिनं घासली होती, आपण नाही. मग कशासाठी? सतरंजीवरून दुजोऱ्याची कुजबुज आली. आमच्या साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना मंडळीचं भय होतं आणि गावाचंही. ते थाळीकडे बघत राहिले, मग त्यांनी ती मेजावर ठेवली, वर पांढरा रुमाल टाकला आणि म्हणाले, "आपण मावशीसाठी थांबू." त्यांच्या आजवरच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मला हे तीन शब्द जास्त आवडतात.

मावशीनं जाताना फाटकाचं कुलूप काढलं, साखळी काढली आणि दोन्ही लिंबाच्या बुडाशी टाकून मागच्या आळीत गेली. आम्ही बसून राहिलो. गाणं म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. फुटाणे संपले, लेकरं आयांच्या मांडीवर झोपली. माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. कौसाबाईनं चार बायांदेखत तिला हाकललं तर? तिच्या पोरांनी काही केलं तर? ही म्हातारी पुन्हा या दारातून कशी आत येईल?

ती आली. लुगड्याचा काठ धुळीनं भरलेला, चेहरा घामानं. दावीदरावांनीच विचारलं काय झालं म्हणून.

"मी म्हणलं, कुलूप काढलंय, पाणी घिऊन जा. आन म्हणलं, त्या दिवशी तू केलंस ते मला लागलंय, अजून दुखतंय, ते बी ऐकून ठिव."

"मंग ती काय म्हणली?"

"काई न्हाई. म्हशीपाशी उभी हुती. बस बी म्हणली न्हाई."

"म्हंजे समेट कुठं झाला?"

"माझ्याकडनं झाला. तिचं ती बघंल," मावशी म्हणाली. "पाळकसायेब, प्याला द्या. लई तहान लागलीय."

त्या दिवशी तबक दारापर्यंत गेलं आणि मावशीनं प्याला घेतला. थोडा रस लुगड्यावर सांडला. मी रडले, आणि माझ्या शेजारच्या दोघी-तिघीही. दावीदरावांनी मात्र त्या दिवशी प्याला घेतला नाही. त्यांना वेळ हवा होता, आणि तो त्यांना देण्यात आला. पुढच्या महिन्यात त्यांनी घेतला.

यानंतर कौसाबाई धावत येऊन गळ्यात पडली, असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या आळीच्या बाया बिचकत फाटकातून आत आल्या. कौसाबाईची सून आली, कौसाबाई नाही. ती सगळा उन्हाळा आली नाही. रांगेत सुनेचा नंबर आला की मावशी स्वतः हापसून द्यायची, पोटुशीनं दांडा दाबू नये म्हणून. त्या सुनेला मुलगी झाली तेव्हा त्यांच्या घरून बाकी सगळ्या आळीत पेढे गेले, मावशीकडे आले नाहीत. मावशीला ते कळलं. ती उठून गोठ्यात गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. त्या वर्षानंतर पाऊस चांगला झाला, विहिरी भरल्या, रांग संपली. पण फाटकाला पुन्हा कधी कुलूप लागलं नाही.

पुढे आमची बदली झाली. निघताना मावशीनं आम्हाला चहा दिला आणि साहेबांना सांगितलं की तुम्ही आता बरे बोलता. मला म्हणाली की तिकडं मोठी मंडळी आहे, तिकडं कुणी थांबवणारं नसेल, तर तुम्हीच थांबवत जा. मी होय म्हटलं. नवीन जागी मला पहिल्यांदा भर उपासनेत उभं राहायला दोन वर्षं लागली, पण राहिले. तेव्हा साहेबांनी थाळी मेजावर ठेवली आणि माझ्याकडे बघून हसू आवरलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मावशी दुपारच्या झोपेतच गेली. रात्री निरोप मिळाला तसे आम्ही पहाटेच निघालो. पोचलो तेव्हा तिला आंघोळ घालून पांढरं लुगडं नेसवलेलं होतं. दावीदराव आणि मंडळीतले बाप्ये कबर खणायला गेले होते. मुलगा मांजरसुंब्याहून आला होता आणि भिंतीला टेकून नुसता बसला होता. घरात चूल पेटलेली नव्हती. मावशीच्या सुनेनं आदल्या संध्याकाळपासून तोंडात पाणीही घेतलं नव्हतं, बाया समजावून थकल्या होत्या.

तेवढ्यात दारात हालचाल झाली आणि बाया आपसूक बाजूला सरकल्या. कौसाबाई आली होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं. ती मावशीच्या उशाशी आली, तिच्याकडे बघत उभी राहिली.  मग ती खाली बसली, पातेलं पुढ्यात ठेवलं आणि माझ्याकडे बघून, जणू मी विचारल्यासारखं, बोलायला लागली.

"ही माझ्या दारात आलती. भर उनात. खरं तेच बोलली. मी तिला बस म्हणलं न्हाई. तवापासून रोज म्हणायचे, आज जाते, उद्या जाते." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "म्हणून आज कुणी बस म्हणायची वाट बघितली न्हाई."

मग तिनं मावशीच्या सुनेला जवळ ओढलं, ताटात भाकरी मोडली, पिठलं वाढलं. सून नको नको म्हणत होती. एकटीला घास उतरायचा नाही, असं म्हणत कौसाबाईनं पहिला घास त्याच ताटातून स्वतः खाल्ला आणि दुसरा सुनेच्या तोंडात घातला. ताट रिकामं होईपर्यंत त्या दोघी तशाच जेवत राहिल्या.